बॉस अडला की काय करायचं: पहिल्या मारापासून शेवटच्या घावापर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम सुरू केला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, नाशिकला इंदिरानगरात आमच्या पुढच्याच गल्लीत राहतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, फराळाच्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही आणि म्हणाला, "मामा, तो काठीवाला काही मरत नाही."

काठीवाला म्हणजे मार्गिट. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभा असलेला, हा गेम खेळणाऱ्या बहुतेकांना अडवणारा पहिला मोठा बॉस, म्हणजे हरवल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा बलाढ्य शत्रू.

"किती वेळा गेलास त्याच्यावर?"

"चाळीसेक वेळा तरी."

"बरं. मग तो काय काय करतो ते सांग. एकेक वार सांग."

तो गप्प झाला. आठवून आठवून म्हणाला, "काठी मारतो. उडी मारतो. आणि काहीतरी फेकतो बहुतेक." चाळीस वेळा समोर उभं राहूनही त्याला त्या शत्रूचे तीन वार धड सांगता येत नव्हते. चुणचुणीत पोरगा आहे, हातही चपळ आहेत, पण प्रत्येक वेळी तो मारायला गेला होता आणि बघायला एकदाही गेला नव्हता.

त्या संध्याकाळपासून पुढचे आठ-दहा दिवस आम्ही जे केलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. हाच क्रम मी स्वतः बरीच वर्षं पाळतो. उदाहरणं मुख्यतः जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या गेममधली आहेत, कारण हा सगळा प्रकार रुजवला त्यांनीच. २००९ चा डेमन्स सोल्स, २०११ चा डार्क सोल्स, २०१५ चा ब्लडबोर्न, २०१९ चा सेकिरो आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला आलेला एल्डन रिंग, या सगळ्यांचं दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं. यांत 'सोपं' आणि 'अवघड' असा पर्याय निवडायची सोयच नाही. कोरियाचा लाइज ऑफ पी (२०२३) किंवा चीनचा ब्लॅक मिथ: वुकाँग (२०२४) खेळत असाल तरी यातलं बरंचसं तसंच्या तसं चालेल.

आधी घरातली तयारी

हे कुणी सांगत नाही म्हणून पहिल्यांदा सांगतो. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. चित्र देखणं दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर काही ना काही प्रक्रिया करत असतो आणि त्यात वेळ जातो. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम तिथेच गेल्या. त्यावर टीव्हीने आणखी पाच-सहा खाल्ल्या तर तुमचं बोट बरोबर असूनही तुम्ही उशिराच पोचणार. भाच्याच्या घरी हा मोड बंद होता. चालू केल्यावर पहिल्याच फेरीत तो म्हणाला, "मामा, हा हलका झाला."

ब्लूटूथ हेडफोनचंही तसंच. त्यात आवाज मागाहून येतो, आणि या गेममध्ये बराचसा इशारा आवाजात असतो: पाय घासल्याचा आवाज, हुंकार, पात्याचा सूं आवाज. वायरचा हेडफोन लावा, नाहीतर सरळ टीव्हीचा आवाज वाढवा. पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर कन्सोल इन्व्हर्टरवर घ्या. गेम सेव्ह होत असतानाच वीज गेली तर फाइल बिघडू शकते.

मग पात्राची तयारी

एल्डन रिंगमध्ये नवे लोक लेव्हल वाढली की सगळे गुण ताकदीत घालतात, आणि मग दोन फटक्यांत मरतात. आधी व्हिगर वाढवा, म्हणजे आयुष्याची पट्टी लांब होते. व्हिगर ४० ला हेल्थ १४५० होते, ६० ला १९००, आणि पुढे ९९ पर्यंत नेलंत तरी फक्त २१००. म्हणून ४० पर्यंत डोळे मिटून न्या, ६० पर्यंत विचार करून न्या, त्यापुढे दुसरीकडे खर्च करा. मार्गिटसाठी वीस-बावीस असलं तरी निभावतं. पट्टी लांब असण्याचा खरा फायदा म्हणजे एका फेरीत जास्त वेळ जिवंत राहता येतं, आणि जिवंत असाल तेवढंच तुम्हाला बघायला मिळतं.

मार वाढवायचा तर सुरुवातीला लेव्हलपेक्षा हत्याराकडे बघा. स्मिदिंग स्टोन जमवून चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर साधं हत्यार +३ पर्यंत नेता येतं. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या खाणीत हे दगड भिंतींना लागलेले सापडतात. त्यापुढे राउंडटेबल होल्डमधल्या लोहाराकडे जावं लागतं. सोनेरी रोपट्यांपाशी गोल्डन सीड मिळतात, त्यांनी औषधाच्या बाटल्यांची संख्या वाढते. चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळतात, त्यांनी बाटलीचा गुण वाढतो. सुरुवातीला चार बाटल्या असतात, शेवटी चौदापर्यंत जातात.

वजनाकडेही बघा. अंगावरचा भार एकूण क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत असला पाहिजे. ७० ओलांडले की रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, पोतं पडल्यासारखा होतो. भाच्याने दिसायला छान म्हणून जाड चिलखत घातलं होतं, त्याचा आकडा ७४ होता. नुसतं शिरस्त्राण काढलं आणि काम झालं.

आणि बॉसच्या दारात उभे राहाल तेव्हा खिशात रून्स (गेममधलं चलन, मेलात की सांडतं) ठेवू नका, सगळे खर्च करून जा. गमावण्यासारखं काही नसलं की डोकं शांत राहतं.

पहिल्या पाच फेऱ्या हात बांधून

आता मुख्य काम. पहिल्या पाच फेऱ्यांत हल्ल्याच्या बटणाला हात लावायचा नाही. एकही वार करायचा नाही, फक्त जिवंत राहायचं आणि बघायचं.

भाच्याला हे पटवताना मला त्रास झाला. "मग जिंकणार कसं?" जिंकायचं नाहीच आहे, या पाच फेऱ्या मरण्यासाठीच ठेवल्या आहेत. मारायचा विचार डोक्यात असला की डोळे स्वतःच्या तलवारीकडे आणि बॉसच्या पट्टीकडे जातात. तो विचार काढून टाकला की नजर आपोआप बॉसच्या खांद्यावर आणि पायावर स्थिरावते. तालमीत नवा गडी आला की वस्ताद त्याला लगेच जोड लावत नाहीत, आधी कडेला बसवून कुस्त्या बघायला लावतात. समोरच्याचा पवित्रा ओळखता आला की डाव शिकवायला सोपं जातं.

काय बघायचं? तीन गोष्टी. वार सुरू होण्याआधी शरीर काय करतं. एका दमात किती वार येतात. आणि शेवटचा वार झाला की तो किती वेळ मोकळा राहतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी ती बघायला आपण तेव्हा जिवंत नसतो.

दूर उभे राहून बघा, मग चिकटून बघा. बॉस अंतराप्रमाणे वार निवडतो. लांब राहिलात की मार्गिट झेप घेतो किंवा सोनेरी सुऱ्या फेकतो. जवळ गेलात की काठीचे पट्टे येतात. ज्या अंतरावर त्याचे सगळ्यांत सोपे वार येतात, तीच तुमची जागा. बहुतेक बॉसच्या बाबतीत ही जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जवळ असते, जवळजवळ त्याच्या कुशीत.

वारांना नावं ठेवा

ही माझी स्वतःची सवय आहे आणि तिने मला सगळ्यांत जास्त मदत केली आहे. प्रत्येक वाराला घरातलं, रोजच्या तोंडातलं नाव द्या. इंग्रजी नको, लांबलचक नको. दोन-तीन अक्षरांचं, तोंडातून पटकन निघणारं.

आम्ही एक जुनी दोनशे पानी वही घेतली. मार्गिटचं पान असं झालं. काठी डोक्यावरून खाली: 'मुसळ'. आडवा फिरवलेला वार: 'झाडू'. गोल फिरत लागोपाठ येणारे वार: 'दांडपट्टा'. लांबून येणाऱ्या सुऱ्या: 'सुया'. उंच उडी मारून खाली येणं: 'घार'. प्रत्येक नावापुढे दोन रकाने केले: कशावरून ओळखायचं, आणि नंतर किती मोकळा. 'मुसळ' पुढे भाच्याने लिहिलं, "दोन्ही हात वर, मग थांबतो, मग येतो. नंतर दोन घाव बसतात." 'झाडू' पुढे लिहिलं, "उजवा खांदा मागे. नंतर एकच घाव, कधी कधी तोही नाही."

मग खेळताना मोठ्याने म्हणायचं. तो खेळायचा आणि मी शेजारी बसून ओरडायचो, "झाडू! मुसळ, थांब, थांब, आत्ता!" दोन दिवसांनी तो स्वतःच म्हणायला लागला. वाराला नाव नसतं तेव्हा मेंदू दरवेळी नव्याने बघतो. नाव असलं की ओळखतो. ताई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय रे मुसळ-मुसळ लावलंय?" पण तिसऱ्या दिवशी तिलाही मुसळ कुठलं ते पडद्यावर ओळखता येत होतं.

रोल कधी, रोल कुठे

मार्गिट काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपलं बोट उचलण्यालाच उत्तर देऊन मोकळं होतं. रोल संपतो, आपण उठतो, आणि नेमकी तेव्हा काठी खाली येते. हे मुद्दाम तसं रचलेलं आहे. घाबरून बटण दाबणाऱ्याला पकडण्यासाठीच तो थांबतो. खो-खोत पळणारा गडी एका बाजूला खांदा झुकवतो, पाठलाग करणारा त्या खांद्याला भुलतो, आणि गडी दुसरीकडून निसटतो. इथे ती हुलकावणी बॉस देतो, एवढाच फरक.

उपाय असा: हत्यार उचललं म्हणजे फक्त तयार व्हा. हत्यार खाली यायला सुटलं की बटण. 'मुसळ, थांब, थांब, आत्ता' मधला 'आत्ता' तो.

बटणाबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. एल्डन रिंगमध्ये रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे, म्हणून बटण दाबल्यावर नव्हे, तर सोडल्यावर रोल होतो. अंगठा दाबून धरायची सवय असेल तर तुमचा प्रत्येक रोल उशिरा निघतो आहे. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. आणि एकदाच. घाबरून दोन-तीनदा दाबलंत तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पहिला रोल संपताच दुसरा करायला लावतो. तो दुसरा रोल पुढच्या वाराच्या तोंडात जातो.

आता दिशा. रोलच्या सुरुवातीच्या भागात, अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ, पात्राच्या अंगाला काहीच लागत नाही. काठी आरपार निघून जाते. म्हणजे रोल हा पळण्याचा प्रकार नव्हे, वारातून पलीकडे जाण्याचा आहे. मागे रोल केला की काठीचं टोक पोचतंच, शिवाय उठल्यावर तुम्ही इतके लांब असता की घाव घालता येत नाही. पुढे, वार जिकडून येतो आहे त्या बाजूला तिरका रोल केला की काठी चटकन अंगावरून जाते आणि तुम्ही बॉसच्या कमरेपाशी उठता. पहिल्यांदा हे करताना पोटात गोळा येतो. दहा वेळा करा, सवय होते.

मोठ्या जनावरांशी लढताना, ड्रॅगन वगैरे, लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवून ठेवायची सोय) सोडून द्या. लॉक डोक्यावर राहतं, कॅमेरा आभाळाकडे जातो आणि पायाखाली काय चाललंय ते दिसत नाही. जमिनीलगतच्या झाडूसारख्या वारांवरून उडी मारता येते, हेही लक्षात असू द्या.

चढाई

आता मारायला सुरुवात. कबड्डीतली चढाई आठवा. ३० सेकंद, आत जायचं, हात लावायचा, मध्यरेषेकडे परत. चांगला चढाईपटू एक गुण मिळाला की वळतो. दुसऱ्यासाठी हात लांबवला की पकड बसते.

बॉस मोकळा झाला की वहीत जेवढे घाव लिहिलेत तेवढेच घाला. दोन लिहिले असतील तर दोन. तिसरा बसेल असं दिसतं तेव्हासुद्धा दोनच. मी जितके बॉस हरलो आहे, त्यांतले निम्म्याहून जास्त तिसऱ्या घावापायी हरलो आहे. स्टॅमिना, म्हणजे पात्राचा दम, सगळा हल्ल्यात उधळला की रोलला उरत नाही. एक रोल होईल एवढा हिरवा पट्टा कायम शिल्लक ठेवायचा, हा नियम मोडायचा नाही.

शेवटच्या टप्प्यात ही हाव सगळ्यांत जास्त सुटते. पट्टी बोटभर राहिली की छाती धडधडते, हात सुटतात. भाचा मार्गिटच्या अशा बोटभर पट्टीवर चार वेळा मेला. मी त्याला एवढंच करायला लावलं: पट्टी बोटभर झाली की दोनऐवजी एकच घाव घालायचा. वेळ दुप्पट लागला तरी चालेल.

बाटली कधी तोंडाला लावायची

मार बसला की लगेच बाटली, ही सवय मोडा. मार्गिट जवळ नसताना बाटली काढलीत की नेमक्या सुया येतात, आणि असं करणारे बॉस पुढेही भरपूर भेटतील. बाटलीलाही मोकळी वेळ लागते, घावाला लागते तशीच. 'घार' नंतर तो मोकळा असतो, तेव्हा घाव सोडून बाटली घ्या. म्हणजे प्रत्येक मोकळ्या वेळी तुम्ही निवड करता: घाव की बाटली. दोन्ही एका वेळी करायला गेलात की संपलं.

ब्लडबोर्न याला अपवाद आहे. तिथे मार बसल्यावर थोड्या वेळात उलट घाव घातलेत तर गेलेल्या हेल्थमधली काही परत मिळते, म्हणून तिथे मागे सरकण्यापेक्षा अंगावर जाण्यात शहाणपण असतं.

दुसरा फेज

मार्गिटची पट्टी बरीच उतरली की लढाईचा दुसरा टप्पा, म्हणजे फेज, सुरू होतो आणि त्याच्या हातात सोनेरी हातोडा यायला लागतो. पहिल्यांदा तिथे पोचाल तेव्हा पुन्हा हात बांधा. बाटल्या कितीही असोत, मारू नका, बघा, नावं ठेवा. दुसऱ्या फेजपर्यंत किती बाटल्या वाचवून पोचलो याचा आकडा वहीत लिहीत जा. एक, दोन, दोन, चार असा तो वाढत गेला तर तुम्ही जिंकत आहात, भले पडद्यावर हरलेलं दिसो.

छोट्या देहाचे मोठे बॉस

नाशिकजवळचा, आशेवाडीच्या वरचा रामशेज किल्ला लांबून बघा. आजूबाजूच्या डोंगरांपुढे किरकोळ वाटतो. १६८२ मध्ये मोगल फौज त्याला वेढा घालून बसली ती वर्षानुवर्षं. एल्डन रिंगमधली मलेनिया मला त्या किल्ल्यासारखी वाटते. माणसाएवढी, सडपातळ, आणि तरी त्या गेममधली सगळ्यांत कठीण लढाई बहुतेकांच्या मते तीच. अवाढव्य राक्षसाचा वार यायला वेळ लागतो, तो दिसतो. माणसाच्या आकाराचा शत्रू चपळ असतो आणि त्याच्या अंगावर बघायला जागा कमी असते.

मलेनियाचा प्रत्येक वार लागला की तिची हेल्थ वाढते, आणि ढालीवर घेतलात तरी वाढते. म्हणजे ढालीमागे दबून दम खाण्याची पद्धत इथे उलटते. हवेत उठून ती वारांचा पाऊस पाडते, तेव्हा पहिल्या झोडीला रोल करायच्या फंदात पडू नका. ती उठताच लॉक सोडा, पाठ फिरवा आणि पळा. अंतर मिळालं की पुढच्या झोडी रोलने काढता येतात. एवढ्या एका वारासाठी मी तीन संध्याकाळी फक्त पळण्याचा सराव केला होता.

दोन बॉस एकत्र आले तर? डार्क सोल्समधले ऑर्नस्टाइन आणि स्मो हे याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. एक चपळ, एक जड. एकाला मारलंत की उरलेला त्याची शक्ती घेतो आणि त्याची हेल्थ पुन्हा पूर्ण होते. नियम एकच: दोघं एकाच वेळी नजरेत राहतील असं उभं राहा. एक जरी पाठीमागे गेला तरी घाव घालू नका, आधी जागा बदला.

सेकिरोत हे सगळं थोडं विसरा

सोल्सवरून सेकिरोला जाणारे रोल करत करत मरतात. तिथे पळणाऱ्याला काही मिळत नाही. समोरचा वार पात्यावर नेमक्या क्षणी झेलायचा, म्हणजे त्याचा तोल ढळतो. आयुष्याच्या पट्टीबरोबर तोलाची एक पट्टी असते आणि ती वर चढत जाते. पुराच्या दिवसांत आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतो ना, पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, तसं त्या पट्टीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायचं. शत्रूची भरली की एक घाव आणि काम संपलं. तुमची भरत आली की दोन पावलं मागे या आणि बचावाचं बटण धरून ठेवा, ती लवकर उतरते.

शत्रूची आयुष्याची पट्टी जितकी कमी, तितका त्याचा तोल हळू सावरतो. म्हणून सुरुवातीला थोडं रक्त काढा, मग पात्याला पातं भिडवा. लाल रंगातलं जपानी अक्षर चमकलं की साधा बचाव पुरणार नाही. भोसकणारा वार असेल तर मिकिरी काउंटरने पुढे होऊन पाय द्या, जमिनीलगतचा असेल तर उडी, पकडायला आला तर बाजूला. जुन्या देवळाबाहेर हानबे नावाचा न मरणारा माणूस आहे. तो सरावासाठीच आहे आणि त्याच्याकडे लोक जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. अर्धा तास त्याच्याशी खेळा. झेलणं हे ताशाच्या ठेक्यासारखं आहे, कानात बसलं की हात मागून येतो. गेनिचिरो या सेकिरोतल्या बॉसच्या शेवटच्या टप्प्यात वीज येते, ती हवेत असताना अंगावर घ्यायची आणि जमिनीला पाय लागायच्या आत हल्ल्याचं बटण दाबून परत करायची.

अडलं तर

मदत घ्या. चर्च ऑफ एलेमध्ये रात्री रेन्ना भेटते, ती आत्मे बोलावायची घंटा देते आणि तिच्याबरोबर तीन लांडगे. मार्गिटवर लांडगे सोडलेत की तो त्यांच्याकडे वळतो आणि तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळते. असं जिंकलेलं धरायचं नाही म्हणणारे भेटतील. घंटा गेमनेच दिली आहे, वाजवा. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या पाच फेऱ्या एकट्याने बघा. पॅचेस नावाच्या माणसाकडे ५००० रून्सला मार्गिटची बेडी मिळते, ती पहिल्या फेजमध्ये त्याला दोनदा जखडून ठेवते. रक्तस्राव करणारं हत्यार असेल तर वापरा, त्याचा घाव बॉसच्या एकूण हेल्थच्या प्रमाणात बसतो, म्हणून मोठ्या पट्टीवरही लागू पडतो.

नाहीतर सरळ दुसरीकडे जा. एल्डन रिंगचा नकाशा प्रचंड आहे आणि मार्गिट कुठे पळून जात नाही.

लागोपाठ तीन फेऱ्या आधीच्यापेक्षा वाईट गेल्या की कंट्रोलर खाली ठेवा. थकलेला हात चुकीची सवय पक्की करतो. हाताने शिकलेल्या गोष्टी झोपेत मुरतात, म्हणून रात्री न जमलेलं सकाळी पहिल्या-दुसऱ्या फेरीत जमलं, असा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. भाच्याचंही तसंच झालं. भाऊबीजेच्या आदल्या रात्री साडेबाराला मी त्याला उठवून घरी पाठवला. सकाळी आंघोळीच्या आधी त्याचा फोन, "मामा, पडला. तीन बाटल्या शिल्लक होत्या."

"शेवटी घाव किती घातलेस?"

"एकेकच."

आता तो गॉड्रिकपाशी, म्हणजे स्टॉर्मव्हेल किल्ल्यातल्या पुढच्या बॉसपाशी आहे. दुसऱ्या फेजमध्ये गॉड्रिक डाव्या हाताला ड्रॅगनचं मुंडकं जोडून घेतो आणि त्यातून आग ओकतो. आग सुरू झाली की मागे पळायचं नाही, वळसा घालून त्याच्या पाठीशी जायचं, कारण तेवढा वेळ त्याची पाठ मोकळी असते. वहीत नवं पान उघडलं आहे. चार वार लिहून झालेत, पाचव्याला अजून नाव सुचलेलं नाही.